हॉटेलचं तंत्रज्ञान आणि वेलनेस : पुण्यातून सल्लागार होण्याची वाट

हिंजवडीतलं हॉटेल सोमवारी भरतं आणि शुक्रवारी दुपारी ओस पडतं. मुळशी-लोणावळ्याकडचं रिसॉर्ट नेमकं शुक्रवारी संध्याकाळी भरतं. पुण्यात राहून या क्षेत्रात शिरणाऱ्याला ही दोन्ही जगं एका गाडीच्या अंतरावर आहेत, आणि दोन्हीकडे एकाच प्रकारचा माणूस हवा असतो : बुकिंगचं सॉफ्टवेअर, वाय-फाय, कुलपं, बिलिंग यांची नाडी कळणारा, आणि स्टीम रूम, मसाज, योगवर्ग, पाहुण्याची झोप यांचंही गणित मांडू शकणारा. बहुतेक ठिकाणी ही कामं दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. स्पाची वेळ एका वहीत, खोलीचं बुकिंग दुसऱ्या संगणकात, आणि पाहुणा मधल्यामध्ये ताटकळत. ही फट बुजवणं हेच सल्लागाराचं काम. त्याची तयारी साधारण चार-पाच वर्षांची धरा.

आत शिरायची दारं तीन आहेत. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी असेल तर फ्रंट ऑफिसमधून या. पुण्यात शिवाजीनगरची राज्य शासनाची संस्था, एआयएसएसएमएस, भारती विद्यापीठ अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं. बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमा असेल तर हॉटेल सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत इम्प्लिमेंटेशन किंवा सपोर्टला लागा. आयुर्वेद, निसर्गोपचार, फिजिओथेरपी किंवा योग शिकलेले असाल तर रिसॉर्टच्या वेलनेस विभागातून. कुठल्याही दारातून आलात तरी उरलेल्या दोन बाजू हाताखालून गेल्या पाहिजेत. पहिल्या दोन वर्षांत सल्लागार अशी पाटी लावू नका. ज्याने रात्री दोन वाजता काउंटर सांभाळलेलं नाही, त्याचा सल्ला हॉटेलातला जुना माणूस दोन वाक्यांत ओळखतो.

पहिलं वर्ष रात्रपाळीत घाला

हॉटेलचा मेंदू म्हणजे पीएमएस (प्रॉपर्टी मॅनेजमेंट सिस्टिम) : खोल्या, पाहुणे, दर, बिलं सगळं त्यात. मोठ्या साखळ्यांत ओपेरा दिसतं, मध्यम हॉटेलांत आयडीएस नेक्स्ट, ईझी, हॉटेलॉजिक्स अशी नावं. कुठलंही एक नीट शिका, दुसरं पंधरा दिवसांत जमतं. नोकरीआधी सराव करायचा असेल तर क्लोअॅप्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर बसवा. वीस खोल्यांचं काल्पनिक हॉटेल उभं करा, तीन रूम टाइप, दोन दर (नाश्त्यासह आणि नाश्त्याविना), आणि महिनाभराची बुकिंगं हाताने भरा. कंटाळवाणं आहे, पण रूम टाइप, रेट प्लॅन आणि इन्व्हेंटरी (विकायला उरलेल्या खोल्या) यांतला फरक असाच अंगात मुरतो.

खरं शिक्षण नाईट ऑडिटमध्ये. दिवसाचा हिशेब बंद करून सॉफ्टवेअरची तारीख पुढे ढकलायची, ही क्रिया साधारण रात्री एक ते तीनच्या दरम्यान चालते. क्रम असा : रेस्टॉरंटची सगळी बिलं बंद झाली का ते पाहा, आज येणार होते पण आले नाहीत त्यांना नो-शो करा किंवा पुढे ढकला, आज जाणार होते पण खोलीतच आहेत त्यांचं चेकआउट वाढवा, प्रत्येक भरलेल्या खोलीचा दर बुकिंगशी ताडून पाहा, कॅशियरची पेटी जुळवा, बॅकअप घ्या, मग खोलीभाडं आणि कर पोस्ट करून तारीख बदला. यातलं सगळ्यात जास्त अडतं ते पहिल्या पायरीवर. बारमधलं एक टेबल उशिरापर्यंत बसलेलं असतं, त्याचं बिल उघडं राहतं आणि ऑडिट पुढे सरकत नाही. घाईत कोणी ते बिल रद्द करून टाकतं आणि सकाळी बारच्या विक्रीत तूट दिसते. दुसरा घात म्हणजे स्क्रीन अडकली असं वाटून ऑडिट दोनदा चालवणं : तारीख एक दिवस जादा पुढे जाते आणि प्रत्येक पाहुण्याच्या बिलात दोन भाडी लागतात. मग कंपनीला फोन करून बॅकअपवरून सगळं परत उभं करावं लागतं. म्हणून बॅकअपची पायरी कागदावर टिक केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम तुमच्या प्रत्येक हॉटेलात लिहून द्या.

कराची मांडणीही इथेच कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण हॉटेलला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय) नाही. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के, क्रेडिटसह. आता एकच खोली मंगळवारी ७,४०० ला गेली तर पाहुणा ७,७७० देतो. बुधवारी मागणी वाढली म्हणून ७,९०० केली तर तो ९,३२२ देतो. दर ५०० रुपयांनी वाढला, पाहुण्याच्या खिशाला कात्री १,५५२ ची. म्हणजे साडेसात हजारांच्या किंचित वरचा पट्टा विकायला सगळ्यात अवघड. दर एक तर खाली ठेवा, नाहीतर सरळ वर न्या. आणि सॉफ्टवेअरमध्ये कर रूम टाइपला बांधलेला असेल, त्या दिवशीच्या दराला नव्हे, तर निम्मी बिलं चुकतात. नव्या हॉटेलात गेल्यावर पहिल्या तासात हीच सेटिंग उघडून पाहा.

बुकिंग साइट्सना पीएमएसशी जोडणारा चॅनेल मॅनेजर ही पुढची शिडी. ओव्हरबुकिंग झालं की सगळे इंटरनेटला दोष देतात. कारण बहुतेक वेळा चुकीचं मॅपिंग असतं. ट्विन (दोन सुटे पलंग) खोली साइटवर डबलला (एक मोठा पलंग) जोडलेली, किंवा नवा रेट प्लॅन एका साइटवर जोडायचाच राहिलेला. तपासणी सोपी आहे : सहा-सात महिन्यांनंतरची एक रिकामी तारीख निवडा, एक रूम टाइप पीएमएसमधून बंद करा, पाच-दहा मिनिटांनी प्रत्येक साइटवर जाऊन ती खोली खरंच दिसेनाशी झाली का पाहा. मग दुसरा टाइप. प्रत्येक टाइप, प्रत्येक साइट. दोन तास जातात, पण लग्नाच्या मुहूर्ताच्या रात्री लॉबीत उभ्या राहणाऱ्या बिनखोलीच्या कुटुंबाची तजवीज आधीच होते.

वाय-फाय, कुलपं आणि पावसाळा

पाहुण्यांची सर्वांत जास्त तक्रार वाय-फायची, आणि ती सोडवण्यासाठी मालक आधी लाइनचा वेग वाढवतो. दोष अनेकदा आयपी पत्त्यांचा, म्हणजे प्रत्येक उपकरणाला जाळ्यात मिळणाऱ्या क्रमांकाचा असतो. ८० खोल्या, प्रत्येकी दोन माणसं, प्रत्येकाचा मोबाईल आणि लॅपटॉप : ३२० उपकरणं. राउटर घरगुती पद्धतीने लावलेला असेल तर त्याच्याकडे वाटायला अडीचशेच्या आसपास आयपी पत्ते असतात. त्यात पत्त्याची मुदत २४ तासांची असेल तर सकाळी गेलेल्या पाहुण्याचा पत्ता रात्रीपर्यंत अडकून राहतो. संध्याकाळी आलेल्याच्या मोबाईलवर पूर्ण काड्या दिसतात, पण नेट नाही. उपाय : पाहुण्यांसाठी स्लॅश-२२ चं जाळं, म्हणजे १,०२२ पत्ते, आणि मुदत चार तास. पाहुणे, बिलिंग, सीसीटीव्ही आणि कर्मचारी यांची जाळी व्हीलॅनने (एकाच वायरिंगवर वेगवेगळी जाळी पाडायची सोय) वेगळी करा, आणि एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याला दिसणार नाही असं आयसोलेशन चालू ठेवा.

सिग्नल मोजायचा तो पलंगाच्या उशीपाशी, दरवाजा बंद करून. तिथे ५ गिगाहर्ट्झवर उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, हवा. पॅसेजमध्ये अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी पेटी) लावून पैसे वाचवणारी हॉटेलं इथेच फसतात. दारालगत बाथरूम असतं, त्यातला आरसा, टाइल्स आणि पाइप सिग्नल खातात, आणि उशीपाशी काहीच उरत नाही.

कार्डाच्या कुलपांत बहुधा चार पेन्सिल सेल असतात. चारही एकदम बदला, अल्कलाइनच वापरा, आणि बदलल्यावर कुलपाचं घड्याळ जुळवा. घड्याळ मागेपुढे झालं की मुदत असलेलं कार्डही नाकारलं जातं. काउंटरवरचा मुलगा कार्ड पुन्हा पुन्हा बनवत राहतो, कारण त्याला दोष कार्डातच दिसतो.

मुळशी, पानशेत, ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात लाइन जाते. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन, नेटवर्कच्या कपाटाला वेगळा यूपीएस, आणि दर चार तासांनी छापलेली हजर पाहुण्यांची यादी या तीन गोष्टी करारात घाला. वीज चमकली की गेटवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबलमधून झटका आत येतो आणि नेटवर्कचा स्विच जळतो. इमारतीबाहेरच्या लांब अंतराला फायबर टाका. मालक खर्चाला कुरकुरतात. एका जळालेल्या स्विचचं बिल दाखवा.

वेलनेसची बाजू

पुण्यासारखी शाळा या विषयाला दुसरीकडे सहज मिळणार नाही. ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, उरुळीकांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, लोणावळ्यात १९२४ पासूनचं कैवल्यधाम, मॉडेल कॉलनीत १९७५ मध्ये उभी राहिलेली अय्यंगार योगसंस्था. योग शिकवायचा नसला तरी एखाद्या ठिकाणी आठवडाभर राहून दिनक्रम अनुभवा : माणसं किती वाजता उठतात, दोन उपचारांमध्ये किती वेळ मोकळा ठेवतात, जेवणाची वेळ उपचाराशी कशी बांधलेली असते. प्रमाणपत्र हवं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्या. स्पाच्या हातकामासाठी ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत.

मात्र शहरातल्या व्यावसायिक हॉटेलात वेलनेस म्हणजे आधी झोप. बाणेरच्या किंवा विमाननगरच्या हॉटेलात उतरलेल्या इंजिनिअरला शिरोधारा नको असते, सलग सहा तास झोप हवी असते. म्हणून पहिला अहवाल झोपेवर करा. तो स्वस्त असतो आणि परिणाम लगेच दिसतो. रात्री अकरानंतर खोलीत स्वतः थांबा. आवाज मोजा, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार झोपायच्या खोलीत ३० डेसिबलच्या आसपास हवा. एसीचा आवाज, लिफ्टची मोटर, मिनी-फ्रिजचा कॉम्प्रेसर यांतलं काय जास्त वाजतंय ते एकेक बंद करून ओळखा. दिवे घालवून पाहा : टीव्हीचा लाल ठिपका, स्मोक डिटेक्टरची उघडझाप, पडद्यांच्या मधली दोन बोटांची फट. बंद खोलीत दोन माणसं झोपलेली असली तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या बराच वर गेलेला सापडतो, म्हणजे ताजी हवा अपुरी आहे. एसी गार करतो, हवा बदलतोच असं नाही. पडद्याला चुंबकी पट्टी, टीव्हीच्या ठिपक्याला काळा स्टिकर, बाथरूमच्या पंख्याची दुरुस्ती : खोलीमागे काही शे रुपयांत काम होतं.

स्पाचं गणित बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं. समजा चार खोल्या, सकाळी ११ ते रात्री ८. एक तासाचा मसाज आणि खोली आवरायला पंधरा मिनिटं, म्हणजे ७५ मिनिटं. ५४० मिनिटांत सात फेऱ्या, चार खोल्यांत २८. मालक २८ वर धंद्याचा हिशेब मांडतो. पण थेरपिस्ट चार आहेत, आणि एका पाळीत पाचपेक्षा जास्त मसाज केले की मनगट आणि अंगठा जातो, महिन्याभरात माणूस सोडून जातो. खरी क्षमता २०. त्यातही रिसॉर्टमधली मागणी संध्याकाळी ४ ते ७ मध्ये कोंबलेली. त्या तीन तासांत खोलीमागे दोनच फेऱ्या बसतात, म्हणजे आठ. सॉफ्टवेअरमध्ये खोली, थेरपिस्ट, थेरपिस्ट स्त्री की पुरुष, आणि शिरोधारेची एकुलती एक खाट, हे सगळे वेगवेगळे साधन म्हणून नोंदवा. फक्त खोली नोंदवली तर एकाच थेरपिस्टला दोन खोल्यांत बुकिंग लागतं. येण्याआधी तीन दिवस पाहुण्याला व्हॉट्सअॅपवर वेळ निवडायला सांगा आणि सकाळच्या वेळा आधी दाखवा.

स्टीम रूमला घनमीटरला साधारण एक किलोवॅटचा वाफ तयार करणारा जनरेटर लागतो. काच किंवा दगडी भिंती असतील तर थोडा जास्त. दोन बाय दोन मीटर, उंची २.२, म्हणजे नऊ किलोवॅट, थ्री-फेज. महावितरणकडचा मंजूर भार आधी पाहा, नाहीतर लाँड्री आणि स्टीम एकत्र चालू झाली की ब्रेकर पडतो. छत उताराचं हवं, नाहीतर गरम थेंब पाठीवर पडतात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडीविना. आणि पुण्याच्या कडेची मोठी अडचण म्हणजे पाणी. वाघोली, बाणेर, हिंजवडीकडे बोअर आणि टँकरवर चालणारी हॉटेलं खूप. बेसॉल्टातलं बोअरचं पाणी कठीण असतं. कॉइलवर चुन्याचा थर बसतो, वाफ कमी होते, मग कॉइल जळते. टीडीएस मीटरवर (तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो) भागवू नका, हार्डनेस किटने तपासा, सॉफ्टनर लावा आणि रोज रात्री जनरेटरच्या टाकीतलं पाणी सोडून द्या. तरणतलावाला पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर, कारण कोमट पाण्यात लेजिओनेला जंतू वाढतो.

एका धोक्याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही. तेल मुरलेले टॉवेल धुतल्यावरही त्यात थोडं तेल राहतं. ड्रायरमधून गरम गरम काढून त्यांचा ढीग रचला की आतल्या आत तापून ते पेट घेऊ शकतात. स्पाचे टॉवेल वेगळे, ६० अंशांवर धुवायचे, ड्रायरची थंड होण्याची फेरी पूर्ण होऊ द्यायची, आणि घडी घालण्याआधी पसरून ठेवायचे. लाँड्रीच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लावा. तिथे काम करणारा माणूस इंग्रजी मॅन्युअल वाचणार नाही.

पंचकर्माबद्दल ठाम राहा. नुसतं स्नेहपान (औषधी तूप पिणं) तीन ते सात दिवसांचं असतं, वमन-विरेचनानंतर (उलटी आणि जुलाब करवणं) पथ्याचा क्रमही काही दिवसांचा. म्हणजे दोन रात्रींचं पंचकर्म पॅकेज ही पाहुण्याची फसवणूक आहे. अभ्यंग (तेलमालिश) आणि स्वेदन (घाम आणणारा वाफारा) विकायचं असेल तर त्याच नावाने विका. वमन, विरेचन, बस्ती (औषधी एनिमा) नोंदणीकृत वैद्याशिवाय करायचंच नाही. मधुमेह बरा, सांधेदुखी कायमची दूर अशी जाहिरात केली तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरात कायदा लागू होतो. माहितीपत्रक छापायला जाण्याआधी तुम्ही वाचून द्या.

उपचाराआधी रक्तदाब, गर्भारपण, शस्त्रक्रिया, त्वचेचे आजार विचारणारा अर्ज भरून घ्यायचा. इथे तंत्रज्ञान आणि वेलनेस एकमेकांवर आदळतात : स्पाची मुलगी ती माहिती पीएमएसच्या शेरा-रकान्यात टाकते, आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला पाहुणीचं गर्भारपण दिसतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यानंतर हे हॉटेलच्या अंगाशी येऊ शकतं. आरोग्याची माहिती स्पाच्या वेगळ्या लॉगिनमध्ये राहू द्या. पीएमएसला फक्त वेळ आणि बिलाची रक्कम जाऊ द्या.

पहिलं स्वतंत्र काम

चौथ्या-पाचव्या वर्षी ३० ते ६० खोल्यांचं, मालकाने स्वतः चालवलेलं हॉटेल शोधा. साखळीतल्या हॉटेलात निर्णय दुसऱ्या शहरात होतात, तिथे नव्याचा शिरकाव अवघड. तीन दिवस तिथे राहा. पहिल्या रात्री ऑडिट पाहा, दुसऱ्या दिवशी चॅनेल मॅनेजर, कर, नेटवर्क, तिसऱ्या दिवशी स्पा, पाणी, लाँड्री. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरली जाते का तेही पाहा, कारण दंड त्यात बसतो. अहवाल दहा पानांपेक्षा मोठा नको. प्रत्येक दोषासमोर चार रकाने : काय चुकतंय, त्याने महिन्याला किती पैसे जातात, दुरुस्तीचा खर्च, कोण करणार. पैशाचा रकाना रिकामा असलेला दोष मालक वाचत नाही.

फी ठरवताना भिडस्तपणा नडतो. सुरुवातीला महिन्यात दहा दिवसच काम विकलं जाईल असं धरा. घरखर्चाला ६०,००० लागत असतील तर दिवसाची फी ६,०००. तीन दिवस पाहणी, दोन दिवस लेखन : ३०,०००, प्रवास वेगळा. निम्मे आधी घ्या. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती फुकट होते आणि ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर आधार मिळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा जनरेटर सुचवाल तिच्याकडून कमिशन घेऊ नका. पुण्यातलं हॉटेलवाल्यांचं वर्तुळ लहान आहे, ही गोष्ट महिन्याभरात सगळ्यांना कळते.

करारातच तीस दिवसांनी परत येण्याचा एक दिवस धरून ठेवा, आणि तो दिवस म्हणजे शनिवारची रात्र ठेवा. न सांगता दीड वाजता काउंटरवर जा. बॅकअपच्या कागदावर टिक आहे का, बारचं बिल कोणी बंद केलं, आणि लाँड्रीत टॉवेल पसरलेले आहेत की ढीग रचलाय, तेवढं पाहा.